कंबर धरल्यावर पहिली चिठ्ठी कुणाची?

सकाळी बाथरूममधली बादली उचलायला माणूस वाकतो आणि वाकलेलाच राहतो. कंबरेत चमक भरलेली असते. भिंतीचा आधार घेत पलंगापर्यंत पोचणं हेच मोठं काम होऊन बसतं. घरातलं कुणी बाम शोधतं, कुणी शेकाची पिशवी काढतं, कुणी बजावतं की आता आठ दिवस जागचं हलायचं नाही. दुपारपर्यंत शेजारून एक नाव येतं: अमुक डॉक्टर, मणक्यांचे स्पेशालिस्ट, लगेच एमआरआय करून घेतात, निदान एकदम पक्कं.

आता अशी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. वय सारखं, काम सारखं, दुखणंही सारखंच. एक जण पहिल्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे जातो, दुसरा एमआरआयच्या रांगेत बसतो. वर्षानं विचारपूस केली तर दोघंही कामावर जात असतात आणि दोघांचीही कंबर अधूनमधून कुरकुरत असते. फरक असतो तो बिलांच्या फाइलमध्ये, आणि तो कधीकधी डोळे फिरवणारा असतो. अमेरिकेत अशा लाखो फाइली अभ्यासकांनी चाळल्या आहेत, कारण तिथे त्यातली मोठी रक्कम विमा कंपन्या आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या भरतात. त्यातून एक कोडं उभं राहिलं. कंबर जर दोघांचीही जवळपास तितकीच बरी होत असेल, तर लवकर फिजिओथेरपी घेणाऱ्याचा खर्च कमी का होतो?

चमक भरते म्हणजे काय होतं

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. त्यांच्यामध्ये चकत्या असतात, ज्यांना आपण सर्रास ‘गादी’ म्हणतो. मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे, त्यांना बांधून ठेवणारे पट्टे आणि या सगळ्यावर स्नायूंचे थर. यातल्या कशातूनही वेदना उठू शकते. गंमत अशी की बहुतेक रुग्णांमध्ये ती नेमकी कुठून उठली हे कुठल्याही तपासणीला खात्रीनं सांगता येत नाही. अशा दुखण्याला डॉक्टर ‘अविशिष्ट’ कंबरदुखी म्हणतात. नाव जरा हात झटकल्यासारखं वाटतं, पण त्यात एक दिलासाही आहे. हाड मोडलेलं नाही, गाठ नाही, जंतुसंसर्ग नाही, एवढं त्यातून कळतं.

दुखायला लागलं की आजूबाजूचे स्नायू आवळून धरतात. तो भाग हलू नये यासाठी शरीरानं केलेली ती तात्पुरती सोय. पण आवळलेले स्नायू स्वतःच दुखू लागतात. दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो, टाळल्यानं अंग आखडतं आणि आखडलेलं अंग हलवलं की आणखी दुखतं. यात भीतीची भर पडते. ‘पुन्हा वाकलो तर काहीतरी तुटेल’ असं एकदा मनात बसलं की मेंदू कंबरेकडून येणारा साधा ताणसुद्धा धोक्याचा इशारा म्हणून वाचू लागतो. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या संशोधकांनी भीती, टाळाटाळ आणि वेदना यांचं हे चक्र २००० साली नीट मांडून दाखवलं. साधं दुखणं जुनाट होण्यात या चक्राचा वाटा मोठा असतो.

‘आठ दिवस हलू नकोस’ हा सल्ला इथेच घात करतो. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या १८६ जणांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सांगितलं की जमेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तिसरा गट.

व्यायाम करणारा गटसुद्धा त्याच्या मागेच राहिला, हे फिजिओथेरपीची बाजू घेताना विसरून चालणार नाही. पुढे त्याचा संबंध येईल.

एमआरआयमध्ये जे दिसतं ते

एमआरआय हे अप्रतिम यंत्र आहे. अडचण त्याच्या अचूकतेतच आहे. त्याला सगळंच दिसतं, दुखण्याशी संबंध नसलेलंसुद्धा. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के. चकती थोडी बाहेर फुगलेली, म्हणजे रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’, ही विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. आणि यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती.

म्हणजे चाळिशीतल्या माणसानं कंबर धरल्यावर एमआरआय काढला, तर रिपोर्टमध्ये काहीतरी निघण्याची शक्यता दांडगी. मग घरात ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबलीय’, ‘गादी सरकलीय’ अशी वाक्यं सुरू होतात. रिपोर्ट स्पेशालिस्टकडे जातो. स्पेशालिस्ट इंजेक्शन सुचवतो. त्यानं पंधरा दिवस बरं वाटतं, मग दुसरं मत घ्यायचं ठरतं, आणि कुणीतरी ऑपरेशनचा विषय काढतं. या साखळीत कुणी वाईट वागत नाही. प्रत्येक जण समोरच्या कागदाला उत्तर देत असतो. माणूस वाकलेला असताना त्याच्या हाती काय दिलं, यावर मात्र पुढची सगळी पावलं ठरून जातात.

वॉशिंग्टन राज्यात ३८० रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात (निष्कर्ष २००३ मध्ये आले) निम्म्यांचा साधा एक्स-रे काढला आणि निम्म्यांचा झटपट एमआरआय. वर्षानं दोन्ही गटांची तब्येत सारखीच होती. ऑपरेशनं मात्र एक्स-रे गटात चार झाली आणि एमआरआय गटात दहा. आकडे लहान आहेत, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ओढा कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

चौकट: यात थांबायचं नाही

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडणं, मांड्यांच्या आतल्या भागात आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं: यातलं काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, मोठा अपघात किंवा पडणं, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेलं असणं किंवा हाडं ठिसूळ असलेल्या वयस्कर व्यक्तीला अचानक कळ येणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर आणि योग्य तपासण्या. पुढचं सगळं विवेचन उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य, रुग्णांबद्दल आहे.

फिजिओच्या टेबलावर पहिल्या अर्ध्या तासात

चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत हातापेक्षा कान जास्त वापरतो. कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कळ पायात उतरते का आणि कुठपर्यंत, झोप लागते का, काम काय करता, मनात कशाची भीती आहे. चौकटीतली लक्षणं तो एक एक करून खोडतो. मग टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतो, गुडघ्याखाली छोट्या हातोडीनं टिचकी मारून पाहतो, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतो. मज्जातंतू दबलाय का, याचा बराचसा अंदाज एवढ्यावरच येतो आणि त्याला मशीन लागत नाही.

नंतर तो हालचाली करून पाहायला सांगतो. पुढे वाकून, मागे वाकून, बाजूला. बऱ्याच रुग्णांना एखाद्या दिशेला बरं वाटतं. ती दिशा सापडली की घरी करायचा पहिला व्यायाम सापडला. हातांनी सांधे सैल करण्याच्या काही रीती असतात. त्यांनी थोड्या वेळासाठी आराम पडतो, आणि त्या आरामाच्या काळात माणूस हलायला धजावतो. मला वाटतं, त्या रीतींचं मुख्य मोल या धजावण्यातच असावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो सांगतो की हे दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत बरंच ओसरतं, दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही, आणि परवा पुन्हा या, तेव्हा बघू. ‘परवा पुन्हा या’ या शब्दांचं वजन मोठं आहे. कुणीतरी लक्ष ठेवून आहे, बिघडलं तर त्याच्या लक्षात येईल, ही खात्री मिळाली की माणूस इतर दारं ठोठावत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत निसर्गही आपलं काम करत असतो.

नुसत्या सांगण्यानंही किती फरक पडतो याचा एक मोठा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून टीव्हीवर जाहिराती दाखवल्या गेल्या: कंबर दुखतेय म्हणून झोपून राहू नका, हिंडत-फिरत राहा. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, आणि कामावरच्या कंबरदुखीसाठी केलेले भरपाईचे दावे सुमारे १५ टक्क्यांनी घटले. यात कुणी कुणाच्या कंबरेला हातही लावला नव्हता.

फाइलींचा हिशेब

ज्युली फ्रिट्झ या युटा विद्यापीठातल्या फिजिओथेरपी संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विमाधारकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंबरदुखीसाठी नव्यानं डॉक्टरांकडे गेलेले ३२,०७० रुग्ण. त्यातल्या जेमतेम ७ टक्के लोकांना पहिल्या तीन महिन्यांत फिजिओथेरपी मिळाली. ज्यांना ती पहिल्या १४ दिवसांत मिळाली आणि ज्यांना उशिरा, त्यांची तुलना केली. लवकरच्या गटात एमआरआयसारख्या तपासण्या, इंजेक्शनं, ऑपरेशनं, डॉक्टरांच्या वाढीव फेऱ्या आणि अफूजन्य वेदनाशामकं, सगळंच कमी. पुढच्या दीड वर्षात माणशी खर्च सुमारे २,७०० डॉलरनं कमी.

तीन वर्षांनी अमेरिकी लष्कराच्या आरोग्यसेवेतल्या साडेसात लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर असाच अभ्यास झाला. त्यात वेळेच्या जोडीला उपचाराचा प्रकारही पाहिला. लवकर सुरू केलेली आणि व्यायाम, हालचाल यांवर भर देणारी फिजिओथेरपी एका बाजूला. उशिरा सुरू झालेली आणि बहुतांशी टेबलावर पडून घ्यायची दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाचा कंबरदुखीवरचा खर्च सुमारे ६० टक्के कमी भरला.

यातल्या वेदनाशामकांच्या मुद्द्याला अमेरिकेत फार धार आहे. अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनानं तिथे लाखो घरं उद्ध्वस्त झाली, आणि त्यातल्या कित्येकांची सुरुवात अशाच एखाद्या साध्या दुखण्याच्या चिठ्ठीनं झाली होती. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३४७ रुग्णांवरच्या चाचणीत असं दिसलं की ताज्या कंबर किंवा मानदुखीवर या गोळ्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरत नाहीत.

वारीला जाणाऱ्यांचे गुडघे

इतके आकडे वाचल्यावर निकाल लागला असं वाटेल. पण जरा थांबा.

समजा आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्यांचे गुडघे तपासले आणि त्याच वयाच्या, वारीला न गेलेल्या लोकांशी ताडून पाहिले. वारकऱ्यांचे गुडघे दणकट निघाले. म्हणून वारी केल्यानं गुडघे सुधारतात असं म्हणता येईल का? ज्यांचे गुडघे आधीच कामातून गेले होते ते मुळात पायी निघालेच नाहीत. चालत गेले ते, ज्यांना चालवत होतं.

फाइलींच्या अभ्यासात हाच पेच असतो. पहिल्या पंधरवड्यात फिजिओथेरपीला जाणारा माणूस कदाचित आधीपासूनच व्यायामाची आवड असलेला, गोळ्यांना नाक मुरडणारा, कमी घाबरणारा असेल. लवकर फिजिओकडे पाठवणारा डॉक्टरही कदाचित एरवीच एमआरआयच्या चिठ्ठ्या कमी लिहीत असेल. मग वाचलेले पैसे कुणाच्या खात्यावर मांडायचे? संशोधक वय, इतर आजार, आधीचा खर्च वगैरे हिशेबात धरून ही गफलत कमी करू पाहतात. पण माणसाचा स्वभाव विम्याच्या फॉर्मवर नोंदवलेला नसतो.

मग चिठ्ठ्या टाकून पाहिलं

यावर उपाय एकच: कुणाला लवकर फिजिओथेरपी द्यायची हे रुग्णानं किंवा डॉक्टरानं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे उत्साही आणि भित्रे दोन्ही गटांत सारखे वाटले जातात. फ्रिट्झबाईंनी स्वतःच असा प्रयोग केला, आणि त्यासाठी त्यांचं कौतुक करायला हवं. आपलाच लाडका निष्कर्ष अशा चाळणीत घालायची तयारी फार थोड्यांची असते.

तो प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा दिवसांच्या आत सुरू झालेली कंबरदुखी असलेले २२० रुग्ण. दुखणं बरं व्हायचंच असतं, कामात राहा, हा सल्ला सगळ्यांनाच दिला. निम्म्यांना त्यावर फिजिओथेरपीच्या चार भेटी, तर बाकीच्यांना पहिले चार आठवडे दुसरं काहीच नाही. रोजच्या हालचालींना होणारा अडथळा शंभर गुणांच्या मापावर मोजला. तीन महिन्यांनी फिजिओथेरपीचा गट ३.२ गुणांनी पुढे होता. रुग्णाला जाणवेल असा फरक किमान ६ गुणांचा मानला होता. वर्षानं तोही फरक उरला नाही. आणि दवाखान्याच्या फेऱ्या, तपासण्या, खर्चाच्या बाबी? दोन्ही गटांत सारख्याच.

हेलसिंकीच्या तिसऱ्या गटाची इथे आठवण होते. साधं, ताजं दुखणं असेल आणि माणसाला योग्य माहिती देऊन चालतं-फिरतं ठेवलं, तर त्यावर आणखी उपचाराची भर घालून फार काही पदरात पडत नाही.

मग फाइलींमधले हजारो डॉलर खोटे होते का? मला तसं वाटत नाही. प्रयोगातल्या दोन्ही गटांकडे बारकाईनं पाहा. ज्यांना फिजिओथेरपी मिळाली नाही त्यांनाही धीर मिळाला होता, आणि महिनाभर कुणी त्यांच्यामागे एमआरआय किंवा इंजेक्शनचा लकडा लावला नव्हता. बाहेरच्या जगात फिजिओकडे न गेलेल्याच्या वाट्याला अशी शांत, समजूतदार वाट क्वचितच येते. तिथे फिजिओथेरपीची जागा रिकामी राहत नाही; एमआरआय, इंजेक्शन, ऑपरेशन ही साखळी येऊन तिथे बसते. लवकर घेतलेल्या फिजिओथेरपीनं वाचणारा पैसा मोठ्या प्रमाणात ती जागा अडवून ठेवल्याचा असावा, असा माझा या सगळ्याचा अर्थ आहे.

पायात कळ उतरत असेल तर

एका गटाला मात्र लवकर उपचाराचा खराखुरा फायदा दिसला. कंबरेतून निघून मांडी-पोटरीत उतरणारी कळ, म्हणजे सायटिका. त्याच संशोधकांनी २०२१ मध्ये ९० दिवसांच्या आतली सायटिका असलेल्या, योगायोगानं पुन्हा २२०च, रुग्णांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. लवकर फिजिओथेरपी मिळालेला गट सहा महिन्यांनी ५.४ गुणांनी पुढे होता आणि वर्षानंतरही ४.८ गुणांनी. वर्षानं ‘आता खूपच बरं आहे’ असं सांगणारे ४५ टक्के, दुसऱ्या गटात २८. तरीही आरोग्यसेवेच्या वापरात दखल घेण्यासारखा फरक आढळला नाही.

आधी चाळणी लावून ज्याला गरज जास्त त्याला उपचार जास्त, हा विचार ब्रिटनमधल्या कील विद्यापीठानं नऊ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीतून मांडला. २०११ मध्ये ८५१ रुग्णांवर तो यशस्वी ठरला. अमेरिकेत तशाच धर्तीवर मोठा प्रयोग झाला तेव्हा मात्र दुखणं जुनाट होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. तिथली रोजची सेवा वेगळी, पैशाचे मार्गही वेगळे.

सिॲटलचा धडा

पैशाच्या मार्गांचं सर्वांत बोलकं उदाहरण सिॲटलमधलं आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात एट्ना या विमा कंपनीनं व्हर्जिनिया मेसन या नावाजलेल्या वैद्यकीय केंद्राला सांगितलं की तुमच्याकडची कंबरदुखी फार महाग पडते. चर्चेला स्टारबक्ससारख्या, कर्मचाऱ्यांच्या विम्याचा भार उचलणाऱ्या कंपन्याही बसल्या. केंद्रानं आपल्या रुग्णांचा प्रवास कागदावर काढून पाहिला. भेटीसाठी थांबणं, स्पेशालिस्ट, एमआरआय, पुन्हा थांबणं आणि कितीतरी दिवसांनी फिजिओथेरपी. बहुतेकांना उपयोगी पडली ती शेवटचीच गोष्ट.

त्यांनी क्रम उलटा केला. फोन केलात की शक्यतो त्याच दिवशी या. फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर एकत्र तपासतील, धोक्याची लक्षणं नसतील तर लगेच व्यायाम सुरू. एमआरआयचं प्रमाण साधारण एक-तृतीयांशानं घटलं. रुग्ण लवकर कामावर जाऊ लागले. आणि केंद्राला तोटा होऊ लागला! एमआरआयमध्ये नफा होता, फिजिओथेरपीत पदरचे पैसे जात होते. शेवटी एट्नाला फिजिओथेरपीचा मोबदला वाढवून द्यावा लागला.

आपल्याकडे विमा दुसऱ्या टोकानं तिरपा आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. त्यात मणक्याचं ऑपरेशन बसतं. ओपीडीतली फिजिओथेरपी वेगळं कव्हर घेतल्याशिवाय बहुधा बसत नाही. म्हणून चार भेटींचे पैसे खिशातून देताना माणूस कचरतो.

ते दिल्यावर मिळतं काय, हेही पाहायला हवं. कंबरेला पट्टे बांधून वजनानं खेचायचं, वीस मिनिटं झिणझिण्या आणणारा करंट, त्यावर अल्ट्रासाऊंड, निघताना बेल्ट. गल्लोगल्लीच्या क्लिनिकमध्ये याच दिनक्रमाला फिजिओ म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड, हे करंट आणि कंबरपट्टे देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकी लष्कराच्या नोंदींतली ६० टक्क्यांची बचत रुग्णाला हलतं ठेवणाऱ्या फिजिओथेरपीची होती. पहिल्या भेटीनंतर घरी करायचे दोन-तीन व्यायाम, ते वाढवायचे कसे याचा हिशेब आणि ‘किती दिवसांत बरं वाटायला हवं, नाही वाटलं तर काय’ याचं उत्तर हाती पडत नसेल, फक्त पंधरा दिवसांच्या मशीनचं पॅकेज गळ्यात पडत असेल, तर दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधलेला बरा.